शब्द ओळखण्याच्या खेळात अंदाज तपासण्याचे नियम: एकच अक्षर दोनदा आले तर रंग कसा द्यावा?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी एक जुना संगणक ठेवलेला आहे. त्यावर इंटरनेटशिवाय, केवळ ब्राउझरमध्ये चालेल असा शब्द ओळखण्याचा मराठी खेळ मी जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत लिहीत आहे. कल्पना नवी नाही. जॉश वॉर्डल यांचा वर्डल हा इंग्रजी खेळ २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. त्यात पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. अक्षर बरोबर आणि घरही बरोबर असेल तर हिरवा रंग, अक्षर शब्दात आहे पण घर चुकले असेल तर पिवळा आणि अक्षर नसेलच तर करडा, एवढाच त्याचा नियम. मी पाचाऐवजी तीन आणि चार अक्षरांचे शब्द घेतले आहेत.

नियम ऐकायला सोपा आहे, परंतु एकच अक्षर अंदाजात दोनदा आले की तो अपुरा पडतो. समजा, उत्तर ‘करडई’ आहे आणि खेळणाऱ्याने ‘सरकार’ असा अंदाज केला. दुसऱ्या घरातील ‘र’ हिरवा होणार, याबद्दल वाद नाही. चौथ्या घरातील ‘र’ मात्र पिवळा व्हावा की करडा? ‘र’ उत्तरात आहे, म्हणून पिवळा, असे वाचनालयात येणाऱ्या काही मुलांचे म्हणणे आहे. तसे केल्यास उत्तरात दोन ‘र’ आहेत असा समज होतो, असे उरलेल्यांचे म्हणणे आहे. हा नियम नेमका कसा मांडावा आणि आज्ञावलीत कसा उतरवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बालाघाट

दुसऱ्या गटातील मुलांचे म्हणणे बरोबर आहे आणि मूळ खेळही तसाच चालतो. उत्तरातील प्रत्येक अक्षर म्हणजे पंगतीतील एक पाट आहे असे समजा. एका पाटावर एकच पाहुणा बसतो. ‘करडई’मध्ये ‘र’चा पाट एकच आहे आणि दुसऱ्या घरातील ‘र’ने तो घेतलेला आहे, म्हणून चौथ्या घरातील ‘र’ करडाच राहिला पाहिजे.

आज्ञावली लिहिताना खरी अडचण येते ती क्रमाची. पुष्कळ जण डावीकडून उजवीकडे एकाच फेरीत सर्व घरे तपासतात आणि तेथेच घोटाळा होतो. उत्तर ‘सालदार’ आणि अंदाज ‘सरकार’ असा घेऊन पाहा. उत्तरात ‘र’ एकच आहे आणि तो चौथ्या घरात आहे. एकाच फेरीत गेल्यास दुसऱ्या घरातील ‘र’ आधी भेटतो, तो पिवळा होऊन शिल्लक संपवतो आणि चौथ्या घरातील, अगदी जागेवर असलेला ‘र’ आला की एकतर तो करडा ठरतो किंवा एकाच ‘र’साठी दोन रंग दिले जातात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

म्हणून फेऱ्या दोन हव्यात. पहिल्या फेरीत फक्त जागेवर जुळणारी अक्षरे पाहावीत, त्यांना हिरवा रंग द्यावा आणि उत्तरातील उरलेल्या, म्हणजे न जुळलेल्या अक्षरांची मोजदाद एका तक्त्यात ठेवावी. दुसऱ्या फेरीत अंदाजातील न रंगलेली अक्षरे डावीकडून घ्यावीत. तक्त्यात त्या अक्षराची शिल्लक असेल तर पिवळा रंग देऊन शिल्लक एकाने कमी करावी, नसेल तर करडा द्यावा. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी एक मॅप, म्हणजे प्रत्येक अक्षरासमोर त्याची संख्या ठेवणारा तक्ता, पुरेसा आहे.

नियम बरोबर उतरला की नाही, हे पाहण्याची एक चांगली कसोटी आहे. कोणतेही अक्षर घ्या. त्याला मिळालेले हिरवे आणि पिवळे रंग मिळून जी संख्या होते, ती त्या अक्षराच्या अंदाजातील संख्या आणि उत्तरातील संख्या या दोहोंपैकी लहान संख्येइतकी असलीच पाहिजे. मास्टरमाइंड या रंगीत खुंट्यांच्या खेळातही काळ्यापांढऱ्या खुंट्यांचा हिशेब नेमका असाच होतो. (चार जागा आणि सहा रंग असलेला तो खेळ जास्तीत जास्त पाच अंदाजांत सोडवता येतो, हे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये दाखवले होते. येथे त्याची गरज नाही, पण ज्यांना गोडी आहे त्यांनी जरूर शोधून वाचावे.)

गोदाकाठ

मी नांदेडमध्ये मुद्रितशोधनाचे काम करतो आणि फावल्या वेळात थोडी आज्ञावलीही लिहितो. बालाघाट यांनी सांगितलेला हिशेब निर्दोष आहे, परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे संगणकाला ‘अक्षर’ कळते. मराठीत ते आपोआप कळत नाही, आणि तपासणीच्या नियमापूर्वी हा प्रश्न सोडवावा लागतो.

‘ज्वारी’ हा शब्द घ्या. आपण त्यात दोन अक्षरे मोजतो: ज्वा आणि री. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती सहा सांगेल, कारण ज, हलन्त, व, काना, र आणि दीर्घ वेलांटी ही सहा चिन्हे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, सुटी साठवलेली आहेत. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट मोजले तर अठरा भरतील. ‘वाचकाला एकसंध दिसणारे चिन्ह’ मोजण्याचा युनिकोडचा स्वतःचा एक नियम आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे उत्तर तीन येते, कारण हलन्तानंतर तेथे तोड पडत असे आणि ‘ज्’ व ‘वा’ वेगळे होत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम आला, तेव्हा उत्तर दोन झाले. म्हणजे एकाच शब्दाची लांबी कोणत्या साधनाने मोजली यावर अवलंबून राहते.

ब्राउझरमध्ये शब्दाची अशी अक्षरे पाडण्यासाठी सेगमेंटर नावाची तयार सोय आहे, पण वाचनालयाच्या जुन्या संगणकावर तिच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फायरफॉक्समध्ये ती २०२४ साली, १२५ व्या आवृत्तीत आली. आणि जेथे ती आहे तेथेही जोडाक्षर तुटेल की अखंड राहील, हे त्या ब्राउझरसोबत युनिकोडचे कोणते तक्ते आले आहेत यावर ठरते. त्यापेक्षा अक्षरे पाडण्याचा नियम स्वतः लिहावा. तो फार मोठा नाही. एक व्यंजन घ्यावे. त्यानंतर हलन्त आणि पुन्हा व्यंजन अशी जोडी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा ती त्याच अक्षरात घ्यावी. शेवटी स्वरचिन्ह असेल तर ते आणि अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर तोही सामावून घ्यावा. व्यंजनाऐवजी ई, औ असा सुटा स्वर असेल तर तो आणि त्यावरील अनुस्वार मिळून एक अक्षर. एका नियमित अभिव्यक्तीत, ज्याला आपण रेजेक्स म्हणतो, हे सगळे बसते. मग ‘अंबाजोगाई’ पाच अक्षरांचे, ‘औंढा’ दोन अक्षरांचे आणि ‘तुळजापूर’ पाच अक्षरांचे निघते, जसे ते कोणत्याही शाळकरी मुलाने मोजले असते.

दुधनाकाठ

बालाघाट आणि गोदाकाठ, दोघांचेही आभार. अक्षरे पाडण्याचा नियम उतरवला आणि दोन फेऱ्यांची पद्धतही घातली. आता हिशेब चोख आहे, पण खेळ फार अवघड झाला आहे. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आहेत. आपल्याकडे व्यंजने चौतीस धरली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली तर जोडाक्षरे वगळूनही चारशेहून अधिक अक्षरे होतात. त्यामुळे मुलांनी केलेल्या अंदाजात बहुधा सगळीच घरे करडी येतात. उत्तर ‘गोदावरी’ असताना एखाद्याने ‘गाढवी’ लिहिले तर ‘ग’ जुळला आहे हे त्याला कळायला नको का?

मांजरा

मी लातूर जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत शिकवते. मला संगणकाच्या भाषा येत नाहीत, म्हणून केवळ मुलांच्या बाजूने लिहिते. वरच्या प्रतिसादात आलेली ‘गाढवी’ तीन अक्षरांची आहे आणि ‘गोदावरी’ चार अक्षरांची, त्यामुळे तो अंदाज मुळात स्वीकारलाच जाऊ नये. पण मुद्दा रास्त आहे. आमची मुले आधी मूळाक्षर ओळखतात आणि मग काना-मात्रा. ‘ग’ बरोबर आला पण मात्रा चुकली, हे फळ्यावर आम्ही रोजच सांगतो. संगणकानेही ते सांगावे.

माझी सूचना अशी की चार खुणा ठेवाव्यात आणि त्यांना रंगांच्या नावांऐवजी मुलांना कळतील अशी नावे द्यावीत: ‘पूर्ण’, ‘मात्रा चुकली’, ‘घर चुकले’ आणि ‘दोन्ही चुकले’. अक्षर नसेलच तर ‘नाही’. हिरवा आणि तांबडा या रंगांत गल्लत होणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. म्हणून नुसत्या रंगावर न थांबता मात्रा चुकल्याची खूण तिरप्या रेघांनी दाखवावी, ही विनंती.

बालाघाट

मांजरा ताईंच्या चार खुणा उत्तम आहेत आणि त्यामुळे खेळात माहितीही वाढते. चार घरांच्या शब्दात तीन खुणा असताना एका अंदाजाला कागदावर ८१ प्रकारची उत्तरे मिळू शकत होती. ‘नाही’ धरून होणाऱ्या पाच खुणांमुळे ती संख्या ६२५ होते. यातील काही प्रकार प्रत्यक्षात येणार नाहीत, तरी फरक मोठा आहे.

मात्र आता फेऱ्या चार होतील आणि मधल्या दोहोंचा क्रम ठरवावा लागेल. पहिली फेरी ‘पूर्ण’ची आणि शेवटची ‘दोन्ही चुकले’ची, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की ‘मात्रा चुकली’ आधी पाहावी की ‘घर चुकले’ आधी पाहावे. उत्तर ‘काकडी’ आणि अंदाज ‘कणीक’ असे घ्या. पहिल्या घरातील ‘क’ दोन प्रकारे जुळतो: त्याच घरातील ‘का’शी, मात्रा सोडून, आणि दुसऱ्या घरातील ‘क’शी, घर सोडून. ‘घर चुकले’ आधी पाहिले तर हा पहिला ‘क’ दुसऱ्या घराची जागा घेतो आणि तिसऱ्या घरातील ‘क’च्या वाट्याला ‘का’ उरतो, म्हणजे त्याला ‘दोन्ही चुकले’ अशी सर्वांत दुबळी खूण मिळते. ‘मात्रा चुकली’ आधी पाहिली तर पहिल्या ‘क’ला ‘मात्रा चुकली’ आणि तिसऱ्याला ‘घर चुकले’ मिळते. दुसरा निकाल अधिक माहिती देतो, म्हणून माझे मत जागेला प्राधान्य देण्याकडे आहे.

गोदाकाठ

मतभेद नोंदवतो. जागेला प्राधान्य दिले तर बालाघाट यांनीच आधी सांगितलेली कसोटी मोडते. उत्तर ‘काकडी’च ठेवा आणि अंदाज ‘कमळ’ घ्या. ‘क’ अंदाजात एकदा आहे आणि उत्तरातही, दुसऱ्या घरात, एकदा आहे. कसोटीप्रमाणे त्याला ‘पूर्ण’ किंवा ‘घर चुकले’ यांपैकी एक खूण मिळायलाच हवी. तुमच्या क्रमाने मात्र तो पहिल्या घरातील ‘का’शी जोडला जातो आणि ‘मात्रा चुकली’ ठरतो. बिनमात्रेचा ‘क’ उत्तरात आहे, ही माहिती खेळणाऱ्यापासून लपली.

बालाघाट

आक्षेप योग्य आहे, तरीही क्रम बदलावा असे मला वाटत नाही. बदलायची ती कसोटी. मूळ कसोटी पूर्ण अक्षराची होती, कारण मूळ खेळात अक्षराला दुसरा पदरच नव्हता. आपल्या खेळात ती व्यंजनाच्या पातळीवर मांडावी: ‘क’च्या बाराखडीतील अक्षरे अंदाजात जितकी आहेत आणि उत्तरात जितकी आहेत, त्यांपैकी लहान संख्येइतक्या एकूण खुणा ‘क’ला मिळाल्या पाहिजेत, मग त्या चारांपैकी कोणत्याही असोत. ‘कमळ’मध्ये ती संख्या एक आणि ‘कणीक’मध्ये दोन, आणि दोन्ही ठिकाणी तितक्याच खुणा मिळतात. शेवटची फेरी उरलेले प्रत्येक व्यंजन उरलेल्या कोणत्याही जुळणाऱ्या व्यंजनाशी जोडत असल्यामुळे, मधला क्रम कोणताही ठेवला तरी ही कसोटी मोडत नाही. मग क्रम ठरवण्यासाठी फक्त एवढेच पाहायचे, की पहिल्या घरात ‘का’ असताना ‘क’ लिहिणाऱ्या मुलाला कोणती खूण जास्त उपयोगी पडेल. त्याला मात्रा सुधारायला सांगणे हेच अधिक नैसर्गिक आहे.

मांजरा

मुलांच्या दृष्टीनेही हेच बरे. एखादे घर पाहताना ती आधी त्याच घराचा विचार करतात, शेजारच्या घराचा नंतर.

गोदाकाठ

मग जागेला प्राधान्य मान्य. आता अनुस्वार आणि जोडाक्षरे.

अनुस्वाराचा निर्णय सोपा आहे: तो मात्रेचाच भाग समजावा. उत्तर ‘हिंगोली’ आणि अंदाज ‘हिरवा’ असेल तर पहिल्या घरात ‘मात्रा चुकली’ असे यावे. सुटे स्वर मात्र स्वतंत्र ठेवावेत. ‘करडई’मधील ‘ई’ आणि ‘बाजरी’तील दीर्घ वेलांटी यांचा संबंध जोडायला गेलो तर नियम कोणालाच समजावून सांगता येणार नाही.

जोडाक्षरात अडचण आहे. ‘स्त’ या अक्षराचे मूळ व्यंजन कोणते धरायचे, ‘स’ की ‘त’? दोन्ही धरली तर उत्तरातील ‘पुस्तक’च्या एका ‘स्त’वर अंदाजातील ‘सातवा’ या शब्दाचे ‘सा’ आणि ‘त’ ही दोन्ही अक्षरे हक्क सांगतील आणि एका पाटावर दोघे बसतील. दोघांना जागा द्यायची तर हिशेब अक्षरांऐवजी सुट्या व्यंजनांचा ठेवावा लागेल. ते अशक्य नाही, पण मग ‘दोन्ही चुकले’ या खुणेचा अर्थ इतका सैल होतो की ती नसलेलीच बरी. माझ्या मते संपूर्ण जोड हेच एक मूळ समजावे. ‘स्त’ आणि ‘स्ता’ यांत मात्रेचा फरक. ‘स्त’ आणि ‘त’ यांत काहीही नाते नाही.

मांजरा

वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या पुस्तकांतही सुरुवातीला जोडाक्षरविरहित शब्दच असतात. उत्तरांच्या यादीत तूर्त तसेच शब्द ठेवले तर?

बालाघाट

उत्तरांत जोडाक्षरे नसली तरी अंदाजांत ती येणारच, त्यामुळे नियम लागेलच. उत्तर ‘कापूस’ आणि अंदाज ‘पुस्तक’ घ्या. गोदाकाठ यांच्या नियमाने ‘पु’ आणि ‘क’ या दोघांना ‘दोन्ही चुकले’ मिळेल आणि ‘स्त’ला ‘नाही’. हा निकाल नियमाला धरून आहे, पण पडद्यावरील कळफलकावर त्याचा परिणाम काय होतो ते पाहा. बहुतेक अशा खेळांत ‘नाही’ ठरलेल्या अक्षराची कळ काळवंडते. आज्ञावलीने ‘स्त’मधील ‘स’ आणि ‘त’ या दोन्ही कळा काळ्या केल्या, तर ‘कापूस’मधील ‘स’ नाही असे मुलाला सांगितल्यासारखे होईल. तेव्हा जोडाक्षराला ‘नाही’ मिळाले तर कळफलकावरील एकही कळ बदलू नये. एकट्या व्यंजनाला ‘नाही’ मिळाले तरीही कळ काळी करण्यापूर्वी त्याच अंदाजात त्या व्यंजनाला दुसरीकडे खूण मिळालेली नाही ना, हे पाहावे. नाहीतर ‘करडई’च्या उदाहरणातील चौथ्या घरातला ‘र’ दुसऱ्या घरातील बरोबर ‘र’ची कळ पुसून टाकेल.

गोदाकाठ

एक शेवटचा तांत्रिक मुद्दा राहिला. मुद्रितशोधक म्हणून तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. दोन शब्द डोळ्यांना अगदी सारखे दिसत असूनही संगणकाला वेगळे वाटू शकतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिलेले सापडते, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे लेखन एकसारखे करण्याची त्याची ठरलेली पद्धत, हे दोन प्रकार एक करत नाही. ते काम स्वतःच करावे लागते.

याहून नाजूक प्रकरण ‘ऱ’चे आहे. बालाघाटच्या डोंगरातल्या ‘दऱ्या’ वेगळ्या आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ वेगळा. यातील पहिला ‘ऱ्या’ काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने लिहितात, तर काही ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक अशा तीन चिन्हांनी. जोडक दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण साफसफाई करताना तो सरसकट काढून टाकतात, आणि तसे केल्याबरोबर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. आधी ‘र, हलन्त, जोडक’ या साखळीचे ‘ऱ, हलन्त’ करावे आणि त्यानंतरच उरलेले जोडक काढावेत. ‘र’खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन लिहिलेला ‘ऱ’ मात्र प्रमाणीकरणाने आपोआप एकच होतो, त्याची काळजी नको.

दुधनाकाठ

हे सर्व आज उतरवले. तपासणीचा क्रम असा ठेवला आहे: आधी लेखन एकसारखे करणे, मग अक्षरे पाडणे, मग अक्षरसंख्या पाहणे, मग शब्द यादीत आहे का ते पाहणे आणि सर्वांत शेवटी चार फेऱ्या. पहिल्या चारांपैकी कोठेही अंदाज अडला तर प्रयत्न वाया जात नाही.

यादीचे मात्र ठरायचे आहे. मूळ खेळात उत्तरांची यादी लहान, सुमारे २,३०० शब्दांची होती आणि अंदाज म्हणून चालणाऱ्या शब्दांची यादी त्याहून कितीतरी मोठी. तशाच दोन याद्या ठेवतो. ‘घरात’, ‘घराला’ अशी विभक्तीची रूपे घ्यावीत का?

मांजरा

उत्तरांत मुळीच नकोत. अंदाजांतही घेऊ नयेत, कारण मग कोणत्याही दोन अक्षरी शब्दाला ‘ला’ किंवा ‘त’ लावून मुले घर भरतील. बोलीतील शब्द मात्र अंदाजांच्या यादीत अवश्य घ्यावेत. वेळ अमावास्येला आमच्या लातूर-धाराशिवकडे ‘येळवस’ म्हणतात. चार अक्षरांचा, प्रत्येक अक्षर वेगळे असलेला शब्द आहे आणि आमची मुले पहिल्याच अंदाजात तो लिहितील. ‘असा शब्द नाही’ असे उत्तर संगणकाने त्यांना देऊ नये.

बालाघाट

सहमत. याद्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ओळीला एक शब्द याप्रमाणे ठेवाव्यात, म्हणजे शिक्षकांना आज्ञावलीला हात न लावता शब्द वाढवता येतील. आणि यादीतील शब्दही त्याच प्रमाणीकरणातून गेले पाहिजेत, नाहीतर एका कळफलकावरचा ‘दऱ्या’ यादीतल्या ‘दऱ्या’शी जुळणार नाही.

दुधनाकाठ

‘येळवस’ घेतला. चाचणीसाठी पुढील जोड्या घातल्या आहेत; कोणाला आणखी अडचणीच्या जोड्या सुचल्यास कळवाव्यात.

उत्तर करडई, अंदाज सरकार: नाही, पूर्ण, दोन्ही चुकले, नाही.
उत्तर सालदार, अंदाज सरकार: मात्रा चुकली, नाही, नाही, पूर्ण.
उत्तर परतूर, अंदाज हरभरा: नाही, पूर्ण, नाही, मात्रा चुकली.
उत्तर काकडी, अंदाज कणीक: मात्रा चुकली, नाही, घर चुकले.
उत्तर काकडी, अंदाज कमळ: मात्रा चुकली, नाही, नाही.
उत्तर कापूस, अंदाज पुस्तक: दोन्ही चुकले, नाही, दोन्ही चुकले, कळफलकावर ‘स’ आणि ‘त’ जसेच्या तसे.

गोदाकाठ

‘हिंगोली’ आणि ‘हिरवा’ ही जोडीही घाला; अनुस्वाराची तपासणी वरील एकाही जोडीत होत नाही.